जोत्याला मारलेलं पाणी

वैशाखात ओल्या सिमेंटचा वास आला की माझं डोकं फिरतं. लोकांना या दिवसांत मोगरा आठवतो, कैरीचं पन्हं आठवतं. मला भांडण आठवतं, आणि तेही न झालेलं. झालेली भांडणं माणूस विसरून जातो. भांडायची राहून गेलेली मात्र दर उन्हाळ्यात पुन्हा तापतात.

यंदा वास थेट समोरूनच आला. इथे आदिलाबादला आमच्या समोर खिडक्यांच्या जाळ्या बनवणारा एक शेजारी राहतो. घरामागची त्याची शेड त्याला अपुरी पडायला लागली, म्हणून त्याने जुन्या जोत्याला लागून दहा फूट नवं काँक्रीटचं जोतं ओतून घेतलं. ओतलं त्या दिवशी आठ माणसं होती, मिक्सर घरघरत होता, दुपारी सगळ्यांना मटणाचं जेवण होतं. दुसऱ्या दिवसापासून तिथे एकटी त्याची बायको आहे. सकाळ-संध्याकाळ ती पाइप घेऊन काँक्रीटवर पाणी मारते आणि हा सावलीत खुर्ची टाकून सांगतो, "जास्ती नको मारू, खराब होईन." परवा मला राहवलं नाही. फाटकापाशी जाऊन म्हटलं, "अहो, पाणी मारतेय ती बरोबर मारतेय. तुम्ही खाली किती खोदलंय ते सांगा." मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईला खोदकामाची कशाला पंचाईत, असं त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

आहे मला पंचाईत. चांगली पंचेचाळीस वर्षांची आहे.

आंध्र प्रदेश होता तेव्हाची गोष्ट. गुडीहत्नूरजवळ, हायवे सोडून थोडं आत आमचं गाव. मी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. कापसाची शेतं रिकामी पडलेली, ऊन इतकं की दुपारी कुत्रीसुद्धा भुंकायचा आळस करायची. आणि काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात कशी तडकते ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. धावताना पाय अडकला तर घोटा मुरगळेल अशा भेगा. लहानपणी आमचा एक चेंडू त्यात गेला तो गेलाच.

बाबा विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. आमच्या भागात करंटचा भरवसा नव्हता. कधी इतका कमी यायचा की दिवा मिणमिणायचा, कधी एकदम भरून यायचा, आणि मोटारी जळायच्या. मग शेतकरी ती जड मोटार बैलगाडीत घालून आमच्या दारात. दारावर पाटी होती, 'किसन मोटर वायंडिंग'. किसन म्हणजे बाबा. ते मोटार उघडायचे, जळकी तार छिन्नीने ठोकून काढायचे, बेअरिंग बघायचे, आणि शेवटी सगळं पुन्हा बसवून शेतकऱ्यासमोर ती चालू करून दाखवायचे. मधलं काम आई करायची. मधलं म्हणजे नव्या तांब्याच्या तारेची वेटोळी करून ती खाचांमध्ये बसवायची, दोऱ्याने बांधायची, वार्निश पाजून वाळवायची. त्यालाच वायंडिंग म्हणतात. म्हणजे पाटीवर ज्या कामाचं नाव होतं ते काम आईचं, आणि पाटीवर ज्या माणसाचं नाव होतं तो पाने-स्क्रू सांभाळायचा. शेतकरी जाताना म्हणायचे, "किसनभाऊ, तुमच्या हाताची वायंडिंग जळत नाई बाप्पा." बाबा मान डोलवायचे. खरं सांगायला त्यांना कोणी मनाई केली नव्हती.

आणि हे सगळं आई करायची स्वयंपाकघरात. वर्कशॉप म्हणजे दहा बाय दहाची टिनाची शेड. त्यात बाबा, त्यांची अवजारं, उघडलेल्या मोटारी आणि गप्पा मारायला आलेले चार बापे. बाईमाणूस तिथे बसणार कुठे? म्हणून ती चुलीजवळ पाटावर बसायची. लाकडी साच्यावर तार गुंडाळताना ओठ हलायचे, कारण वेढे मोजावे लागत. मध्येच हाक मारली तर ती फक्त एक बोट वर करायची. थांब. वेढा चुकला की मोटार पुन्हा जळणार. आमच्या भाकरीला वार्निशचा वास यायचा. मला पाहुणी म्हणून दुसरीकडे गेल्यावर कळलं की भाकरीला तसा वास नसतो.

त्या वर्षी होळीच्या सुमाराला वार्निशच्या डब्याने चुलीतला जाळ धरला. आईने वर ओलं पोतं टाकून तो विझवला, पण तिची डावी भुवई गेली आणि हाताला फोड आले. त्या दिवशी तिने बाबांना सरळ सांगितलं, "मले चुलीपासून दूर बसाले जागा पायजे. नाई तं एक दिवस मी जळन, आन् तुमी दुसऱ्याच्या मोटारी उघडून बसान." बाबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी लगेच कबूल केलं. शेडचं जोतं पूर्वेकडे आठ फूट वाढवायचं, वर टिनं चढवायची, खिडकी ठेवायची आणि त्या उजेडात आईने बसायचं. ती दोन दिवस अंगणात उभी राहून त्या आठ फुटांकडे बघत होती. एवढ्याशा जागेवर माणूस किती खूश होऊ शकतो, ते मी तेव्हा पाहिलं.

आता मोठेबाबांबद्दल सांगितलं पाहिजे. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. उटनूरला ऑफिसात क्लार्क होते, त्या वर्षी बदली होऊन गावी आले आणि शेजारच्या घरात राहायला लागले. शिकलेले, सायकलवर फाइल लावून जाणारे, गावाच्या दरखास्ती लिहून देणारे. आमच्या घराने तोवर पुष्कळ सोडलं होतं. देव सोडले, नवस सोडले, अंगारे-धुपारे सोडले. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर भिंतीवर, आणि रोज संध्याकाळी वंदना. पण एवढं सगळं सोडलेल्या या घराने एक गोष्ट मात्र जपून ठेवली होती: सुनेने भासऱ्यासमोर बोलायचं नाही. नवऱ्याचा थोरला भाऊ समोर आला की पदर पुढे ओढायचा आणि तोंड मिटायचं. मोठेबाबांना समतेवर तासभर भाषण करता यायचं. ते ऐकताना आई दाराआड उभी असायची.

मग तिला काही सांगायचं असलं तर ती माझ्या तोंडून सांगायची. "नंदा, मोठेबाबाले सांग, च्या झाला." मोठेबाबा दोन हातांवर बसलेले, त्यांना धडधडीत ऐकू आलेलं. तरी मी सांगायचं, "मोठेबाबा, च्या झाला." आणि ते म्हणायचे, "नंदे, तुह्या मायले सांग, साखर कमी टाक." लहान असताना ते सुट्टीला गावी यायचे, तेव्हा मला याची गंमत वाटायची. मला वाटायचं, माझ्यावाचून यांचं काही चालत नाही. आज आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

मोठेबाबांनी मेस्त्री आणला. उटनूरकडे क्वार्टरं बांधून आलेला, लाल मातीच्या मुलखातला माणूस. हाताला चांगला होता, पण आमच्या काळ्या मातीशी त्याची गाठ कधी पडली नव्हती. त्याने दोरी लावली, चार मजूर लावले, आणि दीड फूट खोदल्यावर हात झटकून म्हणाला, "बस. इत्ता बहोत हुआ."

आई पऱ्हाटीची एक लांब काडी घेऊन आली. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं वाळलेलं झाड. आमच्याकडे ते सरपणाला असतं. लग्नाआधी आणि लग्नानंतरही कितीतरी वर्षं ती दुसऱ्याच्या शेतात मजुरीला गेलेली, ही माती तिने पायांनी वाचलेली होती. खोदलेल्या चरात उतरून तिने ती काडी एका भेगेत सोडली. काडी गेली, मनगट गेलं, कोपरापर्यंत हात गेला. वर येऊन तिने पदर ओढला आणि मला म्हणाली, "नंदा, मोठेबाबाले सांग, भेग अजून खाली हाय. मुरूम लागेपर्यंत खांदा म्हनाव. पावसाळ्यात हे माती फुगते. जोतं उचलते."

मी सांगितलं. मोठेबाबा हसले. "नंदे, तुह्या मायले सांग, हे वावर नोय. काँक्रीट हाय. काँक्रीटले माती उचलत नसते." मेस्त्रीही हसला. मजूर हसले. बाबा दोरीची गाठ सोडवत होते, ती त्यांना बराच वेळ सुटली नाही.

जुनं जोतं कसं झालं होतं ते घरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. मोठेबाबा उटनूरला असताना आई-बाबा दोघांनीच ते खोदलं होतं. आईने म्हटलं अजून खाली, बाबांनी अजून खाली खोदलं. चार फुटांवर पाण्याने न फुगणारा पिवळा मुरूम लागला तेव्हा दोघं थांबले, आणि खड्डा पुन्हा मुरमाने भरून वर जोतं घातलं. त्याला एवढे पावसाळे झाले, केसाएवढी चीर नव्हती. मध्ये कोणी भासरा नव्हता म्हणून ते जोतं शाबूत राहिलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

नवं ओतलं. लोखंडाच्या सळ्या होत्या, चांगली वाळू होती, सिमेंटमध्ये कोणी हात आखडला नाही. नुसतं खालचं तेवढं चुकलं. संध्याकाळी गिलाव्याच्या फळीने वरून असं गुळगुळीत केलं की त्यात आभाळ दिसत होतं. मेस्त्री जाताना म्हणाला, "पंधरा दिन दोनों टाइम पानी मारना." कोणी मारायचं ते सांगायची गरज नव्हती. जोतं ओतणं बाप्यांचं काम, पाणी मारणं बायकांचं. हा कायदा कुठल्या ऑफिसात लिहिलाय कोण जाणे, पण आमच्या समोरच्या घरात तो आजही चालू आहे.

त्या पंधरा दिवसांचं मी काय सांगू? बोरिंग गावाच्या दुसऱ्या टोकाला. बोरिंग म्हणजे हातपंप. उन्हाळ्यात त्याला पाणी यायच्या आधी वीस वेळा दांडा मारावा लागायचा, आणि रांगेतल्या बाया म्हणायच्या, "प्याले पानी नाई, आन् हे सिमिटाले पाजून राह्यल्या." खरंच होतं त्यांचं. आई मान खाली घालून दोन बादल्या उचलायची. मी तिच्या मागे. जोत्यावर पोती अंथरलेली, कडेने मातीचे छोटे बांध घातलेले. पोत्यांवर पाणी पडलं की वाफ यायची आणि तो वास यायचा. ओल्या सिमेंटचा, तापलेल्या तागाचा. माझ्या वर्गातल्या मुली त्या सुट्टीत आजोळी गेल्या होत्या. मी हाताला फोड आणत होते आणि मनातल्या मनात सगळ्यांवर चिडत होते, आईवर सुद्धा. ती मात्र पाणी टाकता टाकता म्हणायची, "खिडकी या अंगाले ठेवू. सकाळचा उजेड चांगला." मुरमाचं काय, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "आता ओतलं ना. आता पानी तं बरोबर मारू."

पंधरा दिवस झाले, भिंती चढल्या, टिनं चढली, खिडकी बसली. आई तिथे सव्वा महिना बसली. सव्वा महिना भाकरीला भाकरीचा वास होता.

मग पाऊस लागला. आधी जमिनीच्या भेगा मिटल्या. मग आषाढात माती फुगायला लागली, आणि श्रावणात एका सकाळी नव्या भागाचं दार उघडेना. जुन्या आणि नव्या जोत्याच्या सांध्यावर तीन बोटांची पायरी झाली होती. नव्या जोत्यात आडवी चीर गेली होती आणि खिडकीची चौकट वाकडी. मधला भाग असा उचलला होता की आईचा तारेचा रीळ ठेवला की गडगडत भिंतीपाशी जायचा.

मेस्त्रीला बोलावणं गेलं. तो आला, बाबा, मोठेबाबा, गावातले चार जण जमले. मला वाटलं, आता कोणीतरी म्हणेल की ती बाई सांगत होती. मेस्त्री चिरेवरून बोट फिरवत राहिला, मग त्याने मान वर केली. "पानी जास्ती मारे. औरतां लोगां पानी डाल-डाल के मिट्टी फुला दिये." आणि ते सगळ्यांना पटलं. लगेच पटलं. दोन महिने आभाळातून पडलेलं पाणी कोणी हिशेबात धरलं नाही. दोन बायांनी बादल्यांनी वाहिलेलं पाणी तेवढं मातीला बाधलं.

आई दाराआड होती. मोठेबाबा मला म्हणाले, "नंदे, खरं सांग. रोजच्या किती बादल्या मारत होत्या तुमी?"

आता मी इतरांवर एवढी आगपाखड केली, तर माझंही सांगते. आम्ही रोज बारा बादल्या मारायचो. बारा बादल्या म्हणजे एका म्हशीची आंघोळ. मी खरं सांगितलं असतं तर मेस्त्रीचं बोलणं तिथेच हास्यास्पद झालं असतं. पण तिथे माझ्या चुलत बहिणी, मोठेबाबांच्या मुली, उभ्या होत्या, सगळा उन्हाळा आजोळी काढून आलेल्या, गोऱ्या-गोमट्या होऊन. मला माझा वाया गेलेला उन्हाळा आठवला, फोड आठवले, आणि माझ्या कष्टांचं कोणीतरी कौतुक करावं असं फार वाटलं. मी म्हटलं, "चाळीस. कधी कधी पन्नास बी."

जमलेल्यांमध्ये कोणी कौतुक केलं नाही. मोठेबाबा बाबांकडे वळून म्हणाले, "पाह्यलं? मी काय म्हनत होतो?" मेस्त्रीने कानाला हात लावला. मी दाराकडे पाहिलं. आईचा पदर दिसत होता, हलत नव्हता. "नंदा, सांग" असं ती आतून म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. तो पदर आत गेला.

पुढचं थोडक्यात आहे. बाबांना ते जोतं फोडून पुन्हा करायचं होतं. मोठेबाबा म्हणाले, "जिनं बिघडवलं तिच्यासाठीच पुन्हा बांधतं का?" तेवढ्यावर राहिलं. त्या आठ फुटांत भंगार मोटारी पडल्या आणि आई परत चुलीजवळच्या पाटावर गेली. पुढची अकरा वर्षं. मोठेबाबा वारेपर्यंत. घरात कशाचाही बिघाड झाला, पापड ओले राहिले, कणीक सैल झाली, तरी बाबा गमतीने म्हणायचे, "हिनं पानी जास्त मारलं असन." सगळे हसायचे. मी पण हसायचे. वार्निशच्या वासात आईचे डोळे लवकर गेले. डॉक्टर म्हणाले वयाने गेले. वयाचं नाव पुढे केलं की कोणालाच काही करावं लागत नाही.

आता ती माझ्याकडेच असते. परवा समोरच्या माणसाला फाटकापाशी सुनावून मी आत आले तेव्हा माझा आवाज चढलेलाच होता. ती पलंगावर बसलेली. तिला दिसत नाही, पण वास येतो. म्हणाली, "कोनाचं तरी जोतं ओतलं वाट्टे." मी तिच्याजवळ बसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मेस्त्रीला शिव्या घातल्या, मोठेबाबांना घातल्या, बाबांना सुद्धा घातल्या. मग शिव्या संपल्या आणि माझं तेवढं उरलं. म्हटलं, "आई, मी त्या दिवशी खोटं बोलले. चाळीस नव्हत्या."

"बारा होत्या," ती म्हणाली. "मले माईत हाय."

"मग बोलली काऊन नाई तू? माझ्या तोंडून खरं सांगायचं होतंस. मी वाट पाहत होते."

तिने माझा हात चाचपून हातात घेतला. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना.

"त्या घरात माहं तोंड म्हंजे तूच होती, माय," ती म्हणाली. "त्या दिवशी चार लोकांत तुले लबाड ठरवली असती, तं उद्यापासून मी कोनाच्या तोंडानं बोलली असती?"